बनी तो बनी, नहीं तो परभणी : एका तुटलेल्या बिजागरीमागचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आणि जे आज ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलता बोलता लिहिलाय, तेव्हा भाषा थोडी इकडची तिकडची होईल. चालवून घ्या.

गेल्या वर्षी मधेच सहा आठवडे आपला एकही एपिसोड आला नव्हता. कितीतरी जणांनी मेसेज करून विचारलं, "दादा, बंद केलं का?" बंद नव्हतं केलं. लॅपटॉपची बिजागरी तुटली होती. आज ती गोष्ट सांगतो. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे बिजागरीवरून आपण १९७२च्या दुष्काळात जाणार आहोत, तिथून दिल्लीला, आणि परत परभणीला.

तर झालं असं. २०२३च्या दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये मी लॅपटॉप घेतला. ५२ हजार रुपये. पैसे अण्णांनी दिले, म्हणजे माझ्या वडिलांनी. मानवत तालुक्यात आमची शेती आहे, सोयाबीन विकून आलेले पैसे होते ते. बॉक्सवर ठळक अक्षरात लिहिलेलं: एक वर्षाची ऑनसाइट वॉरंटी. म्हणजे काही बिघडलं तर माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. मी अण्णांना हेच सांगून पटवलं होतं. "कुठं न्यायची गरज नाही, ते लोक इथं येतात."

अकराव्या महिन्यात एक दिवस स्क्रीन उघडताना कट्‌ असा आवाज आला. डाव्या बाजूची बिजागरी, म्हणजे दुकानवाले ज्याला हिंज म्हणतात ती, पॅनेलमधून उखडून बाहेर आली. लॅपटॉप पडला नव्हता, आपटला नव्हता. रोज उघडायचो, रोज मिटायचो, एवढंच.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. मुद्दा एका कंपनीचा नाहीच आहे. ज्यांनी ज्यांनी कस्टमर केअरला फोन लावलाय त्यांना पुढचं सगळं पाठ असेल. आधी १५ मिनिटं संगीत. मग सिरीयल नंबर. मग तिकीट नंबर. मग प्रश्न आला: "सर, आपका पिन कोड?" मी म्हटलं, चार तीन एक चार शून्य एक. पलीकडे थोडी शांतता. "सर, सॉरी, आपका पिन कोड ऑनसाइट सर्व्हिस में नहीं आता."

म्हणजे लॅपटॉप विकताना, डिलिव्हरी देताना हाच पिन कोड चालला. दुरुस्तीला चालत नाही!

जवळचं सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. सकाळची तपोवन धरून गेलो. काउंटरवरच्या मुलानं दोन मिनिटं पाहिलं, चार फोटो काढले. दोन दिवसांनी मेल आला: हे 'फिजिकल डॅमेज' आहे, ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही. खर्च ९,४०० रुपये. परत फोन केला की नवीन माणूस, आणि परत पहिल्यापासून गोष्ट. "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न, सर." हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं.

इथल्या स्टेशन रोडवरच्या रिपेअरवाल्यानं सांगितलं, "दीड हजारात बसवून देतो भाऊ, पण मी उघडला की तुझी वॉरंटी गेली म्हणून समज." मग काय करणार? लॅपटॉप उघडा ठेवून, मागे वीट लावून काम करत होतो. एपिसोडचं एडिटिंग त्यावर होईना.

त्या रात्री अण्णांनी विचारलं, "काय म्हनायलेत ते?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बिल हाय का जवळ? खोकं?" मी म्हटलं, आहे. "मग फेकू नको. मी पिशवी फेकली होती."

ही पिशवीची गोष्ट पुढे येईल. ती लक्षात ठेवा. कारण आपण आता मागे जातोय.

पहिला थांबा: कॉम्प्युटर भारतात नवीन होते तेव्हा ते दुरुस्त कोण करायचं?

साठच्या दशकात आपल्याकडच्या मोठ्या ऑफिसांमध्ये आयबीएमची यंत्रं आली. खोलीभर मोठी. आणि गंमत म्हणजे ही यंत्रं बहुतेक ठिकाणी विकलेली नसायची, भाड्यानं दिलेली असायची. आता विचार करा, यंत्र जर कंपनीच्याच मालकीचं आहे, तर बिघडल्यावर पळायचं कुणी? कंपनीनं. यंत्र बंद पडलं की कंपनीचा इंजिनिअर ग्राहकाच्या दारात हजर.

मग १९७३चा परकीय चलन नियमन कायदा आला, ज्याला फेरा म्हणतात. परदेशी कंपन्यांनी भारतातल्या धंद्यातला आपला हिस्सा कमी करावा, असा आग्रह सरकारनं धरला. आयबीएमनं ते मान्य केलं नाही. मोरारजी देसाईंच्या जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, तो हा काळ. १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. प्रश्न उभा राहिला की मागे राहिलेली यंत्रं कोण सांभाळणार? त्यासाठी सरकारची एक कंपनी आधीच तयार होती. नावच बघा: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, सीएमसी. देशभरात ८००हून जास्त ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल सीएमसीनं हातात घेतली. पुढे रेल्वे आरक्षणाची कॉम्प्युटर प्रणालीही याच कंपनीनं उभी केली. २००१ मध्ये सरकारनं ती टाटांना विकली.

एक काळ असा होता की निव्वळ कॉम्प्युटर दुरुस्त करायला देशानं एक सरकारी कंपनी चालवली. आणि माणूस यंत्राकडे जायचा.

मग यंत्रं लहान झाली, स्वस्त झाली, आपण ती विकत घ्यायला लागलो. मालकी आपल्याकडे आली, तशी ती उचलून नेण्याची जबाबदारीही आपल्याकडे आली. वॉरंटी कार्डावर कंपनीनं लिहिलेल्या अटी, आणि खाली आपली सही. त्या अटींवर आपण भांडायचं कुठे? याचं उत्तर द्यायला वेगळी माणसं लागली. ती कॉम्प्युटरवाली नव्हती. ती होती लाटणं घेतलेल्या बायका आणि वाणसामान आणणारी कुटुंबं.

दुसरा थांबा: १९७२.

मराठवाड्यात बहात्तर हा शब्द एकटाच पुरतो. पुढे 'चा दुष्काळ' म्हणावं लागत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा: सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. त्याच वर्षी मे महिन्यात आपलं कृषी विद्यापीठ परभणीत सुरू झालं. आणि त्याच सुमाराला तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महागाईविरुद्ध समिती काढली. तेल, साखर, रॉकेल मिळेना, मिळालं तर भाव परवडेना. या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा म्हणून तो प्रसिद्ध आहे.

मोर्चा ओसरला की दुकानदार पुन्हा आपल्या जागी आणि गिऱ्हाईक आपल्या जागी. कायमचं काहीतरी हवं होतं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. हे जोशी गोवा मुक्तिसंग्रामात होते. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तिची पद्धत एकदम साधी: शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येणार, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र करणार, आणि माल घाऊक आणून आपापसांत वाटून घेणार. एकटं गिऱ्हाईक दुकानदारापुढे दुबळं असतं, पण शेकडो कुटुंबांची यादी घेऊन गेलं की दुकानदार खुर्ची देतो. त्यातून लोकांना एक सवय लागली, वजन बघायची, भाव विचारायची, बिल मागायची.

जगातही हेच वारं होतं. १५ मार्च १९६२ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षितता, माहिती, निवड, आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. आणि २४ डिसेंबर १९८६ला भारताच्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आपण २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो तो यासाठी.

या कायद्याआधी काय होतं? दिवाणी कोर्ट. स्टॅम्प, वकील, तारखा. पंख्याची मोटर जळाली म्हणून कोण दिवाणी दावा लावणार? नव्या कायद्यानं जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आणले. साध्या कागदावर तक्रार, वकील लागत नाही, आणि सुरुवातीला तर फी पण नव्हती. कल्पना करा, किती मोठी गोष्ट होती ती.

पण मंडळी, या कायद्यात एक गोम होती. आणि ती आपल्यासारख्या गावांना बरोबर नडणारी होती.

१९८६च्या कायद्यानुसार तक्रार कुठे करायची? तर समोरची कंपनी जिथे राहते, जिथे धंदा करते, जिथे तिची शाखा आहे, किंवा जिथे व्यवहाराचं कारण घडलं, तिथे. ग्राहक कुठे राहतो याला त्यात जागाच नव्हती! २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं. अंबाल्याला आग लागली, विमाही अंबाल्याचा, पण तक्रार केली चंदीगडला, कारण विमा कंपनीची शाखा तिथे होती. कोर्टानं सांगितलं, नुसती शाखा असून चालत नाही, त्या जागेचा व्यवहाराशी संबंध पाहिजे.

दुकानातून वस्तू घेतली असेल तर प्रश्न नव्हता. दुकान परभणीत, तक्रार परभणीत. पण मोबाईलवरून ऑर्डर केली, विकणारा एका राज्यात, कंपनी दुसऱ्या राज्यात, तर? कारण नेमकं कुठे घडलं, यावरच वाद घालत बसा. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, हे प्रकरण इथे चालूच शकत नाही.

आता अण्णांची पिशवी.

२०२०चा खरीप आठवतोय? लॉकडाऊन होता. जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि मराठवाड्यात ठिकठिकाणाहून एकच ओरड आली: सोयाबीन उगवलंच नाही. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून याची दखल घेतली. त्या शेतकऱ्यांत आम्ही होतो. तीन एकरांत तास रिकामे. कृषी सहायक म्हणाले, पिशवी आणा, टॅग आणा, बिल आणा, तालुक्याची समिती पंचनामा करेल. बिल होतं. पण पिशवी आणि टॅग पेरणीच्या दिवशीच बांधावर टाकून दिले होते, आणि पहिल्याच पावसात ओढ्यानं नेले. लॉट नंबर सांगता येईना. बियाणं विकणाऱ्यानं हात वर केले, कंपनीनं फोन घेतला नाही. अण्णांनी उसनवारी करून दुबार पेरणी केली आणि विषय मिटवला.

म्हणजे मिटला नव्हता. चार वर्षांनी माझ्या लॅपटॉपवरून तो परत निघाला.

मी ज्या गोष्टी शोधत बसलो त्यात मला एक निकाल सापडला. १६ जानेवारी २०१२, सुप्रीम कोर्ट, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी. आंध्रातल्या शेतकऱ्यांचं प्रकरण. कोर्टानं स्पष्ट सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचात जाता येतं. आणि कंपनीचं म्हणणं होतं की शेतकऱ्यानं बियाण्याचा नमुना तपासणीला दिला नाही. त्यावर कोर्ट म्हणालं, शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो, तपासणीसाठी बाजूला काढून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग आपल्याला कुणी सांगितलं नाही ते." एवढंच. मला त्याचं उत्तर नव्हतं. २०१२चा निकाल २०२० पर्यंत आमच्या बांधावर पोचला नव्हता.

आणि आता ती तारीख ऐका. २० जुलै २०२०. आमची दुबार पेरणी नुकतीच उरकली होती. त्या दिवशी नवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा, लागू झाला. त्याच्या कलम ३४ मध्ये एक नवी ओळ आली: तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येईल.

एक ओळ. पण चौतीस वर्षांचा रस्ता उलटा फिरला. आता कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, मी परभणीत राहतो ना, मग माझी तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. यायचं तर त्यांनी यायचं.

बाकीच्या गोष्टी पण पटकन सांगतो, कामाच्या आहेत. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. वकील सक्तीचा नाही. दोष डोळ्यांनी कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणजे 'फिजिकल डॅमेज' आहे की मुळातच कच्ची बिजागरी, हे फक्त कंपनीच्या काउंटरवर ठरत नाही. अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते. ऑनलाइन तक्रारीसाठी सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल आलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती.

सगळं गोड आहे असं नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात आयोगांमधल्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला स्वतःहून त्यात लक्ष घालावं लागलं. तेव्हा आज तक्रार केली आणि दिवाळीला निकाल, असं समजू नका.

मग मी काय केलं? आधी १९१५ला फोन. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ही निकाल देत नाही, तुमची तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. कंपनीचं उत्तर आलं, तेच जुनं: फिजिकल डॅमेज. त्यानंतर अण्णांच्या सांगण्यावरून सगळे कागद एका फाईलमध्ये लावले. बिल, खोक्यावरच्या 'ऑनसाइट'चा फोटो, पिन कोड चालत नाही असं सांगणारा मेल, तपोवनची तिकिटं, तारीखवार फोन. आणि रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, कंपनीला एक नोटीस पाठवली. वकिलाशिवाय, दीड पानाची, मराठीत, सोबत इंग्रजी. शेवटचं वाक्य असं होतं: १५ दिवसांत वॉरंटीप्रमाणे दुरुस्ती झाली नाही तर कलम ३४ नुसार मी परभणीच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन.

बाराव्या दिवशी फोन आला. यावेळी मराठीत. "सर, घरी कधी असता?" ज्या पिन कोडवर कुणी येत नव्हतं तिथे संभाजीनगरहून माणूस आला. बिजागरी बदलली, वरचं पॅनेल बदललं. खर्च शून्य. काम ४० मिनिटांचं. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "जुना पार्ट ठेवून घेऊ का?" तो हसला, म्हणाला, "काका, तो परत न्यावा लागतो." अण्णांनी मग मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. पुढचा-मागचा, दोन्ही बाजूंनी.

नोटिशीनं काम झालं की हेल्पलाइनवरच्या तक्रारीनं, की कुणा साहेबानं फाईल बघितली, हे मला माहीत नाही. सहा आठवडे गेले ते गेलेच. पण एक गोष्ट नक्की बदलली. आधी मी विनंती करत होतो. नोटिशीनंतर ते वेळ विचारत होते.

आणि स्टेशन रोडवरच्या त्या रिपेअरवाल्याचं काय? दीड हजाराचं काम त्याला करू दिलं असतं तर? त्यावरही हालचाल सुरू आहे. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाईल, घरातली यंत्रं, गाड्या यांच्या जोडीला शेतीची अवजारं पण आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी, ही त्यामागची कल्पना. कायद्यानं बांधील असा हक्क अजून झालेला नाही. पण ग्राहक पंचायतीच्या वाणसामानाच्या यादीपासून कायदा व्हायला पण बारा वर्षं लागली होती.

यंदा खरीप पेरणीला मी गावी होतो. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या घडी घालून, टॅग सुतळीनं बांधून, माळ्यावर ठेवलेल्या दिसल्या. शेजारी लॅपटॉपचं खोकं. अण्णा म्हणाले, "दोन वर्सं ठेवायचं म्हनलास ना तू?"

आपल्याकडे एक म्हण आहे, आपण परभणीकर थोडी लाजत लाजत सांगतो: बनी तो बनी, नहीं तो परभणी. कुठंच काही जमलं नाही तर शेवटी परभणी, अशा अर्थानं बाहेरचे लोक ती हसत म्हणतात. मी आता ती वेगळ्या अर्थानं वापरतो. कंपनीनं वॉरंटी पाळली, काम बनलं, तर ठीक. बनी तो बनी. नाही बनलं, तर परभणी. जिल्हा आयोग, परभणी.

तुमच्याकडे अशी काही अडकलेली तक्रार असेल तर आज एकच करा, बिल शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आणि हा एपिसोड घरातल्या शेतकऱ्याला ऐकवा. त्याला पण कुणी सांगितलं नसेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!